बोलणं आधी, बघणं नंतर

सोमवार, ९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी मिळतील. आधी भांडण.

समुद्राखालची केबल तुटून आज एकवीस दिवस झाले. दुरुस्तीचं जहाज एप्रिलच्या आधी येत नाही म्हणतात. तोवर उपग्रहावरून जे काय ठिबकतं त्यावर सगळ्या बेटानं भागवायचं. तुम्ही कचेरीत बँडविड्थ म्हणत असाल, इथं तिला 'रुंदी' म्हणतात. पोस्टाच्या दारात फळा आहे, त्यावर पोस्टातल्या बाई रोज सकाळी खडूनं लिहितात, 'आज रुंदी बेताची' नाहीतर 'आज रुंदी बरी'. लोकांना हा शब्द इतका आवडलाय की बेकरीवाल्या वहिनींनी काल माझ्या वहीत लिहिलं, 'आज डोक्याला रुंदी नाही, उद्या बोलू.'

भांडण त्या फळ्याशेजारच्या कागदाशी आहे. तुमच्याच कचेरीचं छापील पत्रक. वर मोठ्या अक्षरांत 'बोलणं आधी, बघणं नंतर'. खाली रांगा. पहिल्या रांगेत फोन, दुसरीत लेखी निरोप, असं करत करत शेवटच्या रांगेत 'चलचित्र व करमणूक'. मी ते तीनदा वाचलं आणि बाईंना वहीत लिहून विचारलं, 'मी कुठल्या रांगेत?' बिचारीनं चष्मा लावून खूप शोधलं.

ज्या शहाण्यानं हे लिहिलं त्याला कळेल अशा शब्दांत सांगते, तू फक्त पोचव. एक बाई आहे, जन्मापासून ठार बहिरी. तिचा नवरा सुतार, तोही तसाच. बाईला लिहिता-वाचता येतं, सुताराला अक्षरं येतात ती मापाची आणि सहीची. दोघं हातांनी बोलतात. त्यांचं बोलणं म्हणजेच बघणं. आपल्या घरात 'ऐक' म्हणायचं नाही असा आईचा दंडक होता, आठवतं ना? 'बघ' म्हणायचं. 'माझं बघ जरा', 'ताईचं बघून घे', 'मोठ्यांचं बघावं'. तू शाळेत पहिल्या दिवशी बाईंना म्हणालास, 'मी तुमचं सगळं बघीन.' सगळा वर्ग हसला आणि तू रडत घरी आलास.

हे शुक्रवारच्या बोटीनं तिकडे आले. तू धक्क्यावर यायचा होतास, बैठक निघाली म्हणे. असो. छातीतली झडप बदलायची आहे, २६ तारीख मिळालीय. माझा घोटा मोडला नसता तर मी बरोबरच आले असते, पण कुबड्या घेऊन बोटीची शिडी कशी चढू? ठरलं होतं असं की रोज पाच वाजता वॉर्डातल्या पडद्यावरून आम्ही बोलायचं. मी पोस्टात जाऊन बसते. ह्यांचा चेहरा येतो, हात वर जातो आणि तिथंच थिजतो. काल बारा मिनिटं मी एका पंजाकडे बघत बसले. तो 'ये' म्हणत होता की 'थांब' म्हणत होता, मला अजून कळलेलं नाही.

तू त्याच कचेरीत बसतोस. हे कुणी लिहिलं ते शोधून काढ आणि माझ्या वतीनं त्याचा कान उपट. चांगला चालणारा कान असणार, जरा जोरात उपटलास तरी चालेल.

हे घे आशीर्वाद.

तुझी ताई


गुरुवार, १२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. भांडण पोचलं, आशीर्वादही पोचले.

घोट्याची काळजी घे. पोस्टाच्या पायऱ्या रोज चढू नकोस.

तुझा राग समजतो, पण अडचण तूही समजून घे. सध्या संपूर्ण बेटाला मिळून जी जागा आहे ती पूर्वीच्या शंभरातला एक भागसुद्धा नाही. आवाज बारीक असतो, चालतं चित्र फार जाड. एका चित्राला जेवढी जागा लागते तेवढ्यात पंचवीस माणसं फोनवर बोलू शकतात. म्हणजे एकानं चित्र उघडलं की पंचवीस जण गप्प. त्यात कुणाला डॉक्टर हवा असेल, कुणाची म्हातारी आई एकटी असेल. कुठेतरी रेघ मारावी लागते आणि ती मारणाऱ्याला सगळेच शिव्या देतात.

हा नियम कुणा एकाचा नाही, समितीचा आहे. पत्रकाचा मजकूरही वरून येतो. मी नुसता आकडे मांडणारा. त्यामुळे उपटायला असा एक कान सापडत नाही. तरी तुझा मुद्दा योग्य त्या ठिकाणी घालतो.

भाऊजींकडे या आठवड्यात चक्कर मारतो. त्यांची आठवण आली की मला त्यांचा तो उभा हात आठवतो. मी दिसलो की ते कोपरापासून हात सरळ उभा करतात आणि तू हसतेस. पहिल्यांदा केलं तेव्हा मी तुला अर्थ विचारला होता, तू वहीत लिहिलंस 'खांब'. तिथपासून तुमच्यात माझं नाव तेच. कधी बोललो नाही, पण मला बरं वाटतं. बाबा गेल्यावर घराचा खांब मीच झालो, हे तुम्हा दोघांनी न सांगता ओळखलंत.

तुझा,
धाकटा


सोमवार, १६ फेब्रुवारी

धाकट्या,

पंचवीसचा आकडा मला पटला. खरंच सांगते, पटला. दोन दिवस मी स्वतःलाच विचारत होते की मी काय अशी मोठी लागून गेले. मग शनिवारी त्या पंचवीसांतला एक फोन मी डोळ्यांनी बघितला.

ह्यांच्या वॉर्डातल्या सिस्टर फार मायाळू आहेत. चित्र थिजतंय म्हणून त्यांनी चौकशी करून बेकरीत फोन लावला. वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या, मला खुर्चीवर बसवलं आणि फोन माझ्या कानाला लावला. तिकडे सिस्टरनी ह्यांच्या कानाला लावला. चार मिनिटं आम्ही नवरा-बायको एकमेकांचा फोन कानाला लावून बसलो होतो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. नंतर त्यांनी लिहिलं, 'आवाज अगदी स्वच्छ होता हो!' हसावं की रडावं? मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

आणखी एक गंमत बघ. बुधवारी रुंदीच्या वाटपावर हरकती घ्यायला तुमच्या शहरात जाहीर सभा होती. आमच्या सभागृहात ती पडद्यावर दाखवली. एरवी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो आणि त्यात खुणा करून सांगणारी मुलगी. या वेळी चौकोनच नव्हता. रुंदी वाचवली. बेटावरचे आम्ही अकरा बहिरे पहिल्या रांगेत नटूनथटून बसलो होतो, हरकती लिहून नेल्या होत्या, आणि दीड तास अध्यक्षांच्या मिशा बघितल्या. मिशांमागे ओठ असावेत. शेवटी सगळ्यांनी हात वर केले, म्हणून आम्हीही केले. कशासाठी ते वहिनींनी बाहेर आल्यावर लिहून दाखवलं. 'सध्याच्या वाटपाला सर्वांची संमती.' आम्ही अकरा जणांनी एकमतानं स्वतःला शेवटच्या रांगेत बसवलं. वाटेत हसून पुरेवाट झाली. घरी येऊन दार लावलं आणि इतकी लाज वाटली की दिवा लावला नाही.

आता कामाचं, आणि हे नीट बघ.

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर ह्यांनी सही केलेली नाही. इस्पितळात खुणा करणाऱ्या एक बाई येतात, पण त्या शाळेतल्या खुणा करतात. हे कधी शाळेत गेले नाहीत. ह्यांची भाषा म्हणजे आपल्या अंगणात लहानपणी मी, तू आणि शेजारचे हे अशा तिघांनी मिळून केलेली, ती त्या बाईंना कुठून येणार? कागद पुढे आला की हे मान हलवतात. समजल्याशिवाय सही करायची नाही, हे मीच त्यांना शिकवलंय. मंगळवारपर्यंत, म्हणजे २४ तारखेपर्यंत, सही झाली नाही तर जागा दुसऱ्या रुग्णाला जाईल आणि पुढची तारीख जूनमधली. जूनपर्यंत ती झडप टिकेल असं डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत नाहीत.

ही भाषा येणारी जगात तीन माणसं आहेत. एक इस्पितळात, एक मोडका घोटा घेऊन बेटावर. तिसरा तू. तुझ्या कचेरीपासून इस्पितळ बारा मिनिटांवर आहे, मी नकाशात मोजलं. त्याला रुंदी लागत नाही, दोन हात लागतात. जा आणि सांग त्यांना.

ताई


गुरुवार, १९ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय. कचेरीत श्वास घ्यायला फुरसत नाही, वरून रोज अहवाल मागतात. इस्पितळात फोन केला होता, भाऊजींची तब्येत ठीक आहे, जेवण घेतायत. सिस्टरही चांगल्या वाटल्या.

मी स्वतः सोमवारी दुपारी भेटायच्या वेळेत नक्की जातो. आता हात थोडे विसरल्यासारखे झालेत, पण एवढं सांगता येईल. तुझा सभेचा मुद्दा योग्य मार्गानं पुढे पाठवला आहे.

काळजी करू नकोस.

धाकटा


सोमवार, २३ फेब्रुवारी

धाकट्या,

मार्ग योग्य आहे की नाही ते राहू दे. तू गेलास का? हो की नाही, एवढाच निरोप पोस्टात पाठव. दोन अक्षरांना रुंदी किती लागते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

आज पाच वाजता पडद्यावर नुसती रिकामी उशी आली. तीही थिजलेली.

ताई


गुरुवार, २६ फेब्रुवारी
इस्पितळ, दुसरा मजला, बाकावरून

ताई,

आत भाऊजींची छाती उघडली आहे. चार तास लागतील म्हणाले, त्यातला एक झाला. हे पत्र उद्याच्या बोटीनं येईल, म्हणजे तू वाचशील तेव्हा काय झालं ते तुला निरोपानं कळलेलं असेल. मला अजून माहीत नाही. म्हणूनच आत्ता लिहितोय. बरी बातमी आली की मी पुन्हा गुळमुळीत होईन.

कान माझाच आहे. 'बोलणं आधी, बघणं नंतर' मी लिहिलं. समिती नावाची जी काही आहे तिनं एवढंच विचारलं होतं की रांगा कशा लावू आणि लोकांना थोडक्यात कसं सांगू. मला चार शब्द सुचले. साहेबांनी भर बैठकीत वाचून दाखवले, टाळ्या झाल्या, मी उभा राहून मान लववली. तुझी आठवण येऊन मी तुला डावललं असतं तर ते पाप तरी म्हणता आलं असतं. मला तुझी आठवणच आली नाही. ज्या घरात 'ऐक' शब्द नव्हता त्या घरातला मुलगा 'बघणं नंतर' लिहून आला आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा लगेच सांगता आलं असतं. मी तुला पंचवीसचा आकडा दिला. आकडा खरा आहे. पण मी त्याच्या आड लपलो होतो.

आता सोमवारचं. आठ खाटांचा वॉर्ड, भेटायची वेळ, माणसांची गर्दी. भाऊजींनी मला दारातच बघितलं आणि हात उभा केला, खांब. शेजारच्या खाटेपाशी आमच्या कचेरीतला एक कारकून बसला होता, त्याच्या सासऱ्यांना भेटायला आलेला. तो म्हणाला, 'साहेब, तुम्ही इकडे कुठे?' मी म्हणालो, 'ओळखीचे आहेत.' ताई, मी भाऊजींना ओळखीचे म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही, हे मला त्या क्षणी सोयीचं वाटलं.

मग मी बोललो. हात पोटाशी धरून, लहान लहान, घाईघाईत, त्या कारकुनाकडे पाठ करून. झडपेला आपल्यात शब्द नाही, म्हणून मी 'दार' केलं. दार नीट बंद होईल, डॉक्टर करतील, असं सांगायचं होतं. मी दोन्ही पंजे मिटले आणि छातीवर ठेवले.

तुला आत्ता हे वाचताना कळलं असेल. मला दुसऱ्या दिवशी कळलं. भाऊजींचे वडील गेले तेव्हा सुतारकामाची पडवी बंद झाली आणि आठ वर्षांचे भाऊजी अंगणात येऊन आपल्याला सांगायला लागले. पंजे मिटून छातीवर. बाबा बंद. तेव्हापासून आपल्यात 'गेला' या शब्दाला तीच खूण. त्या दिवशी मी तिथंच होतो, त्यांचा हात धरून. आणि सोमवारी मी त्यांना सांगितलं की डॉक्टर गुरुवारी तुम्हाला संपवणार आहेत.

त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा तेच केलं, वर हसलोसुद्धा, धीर द्यायला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं समजलं. मी घड्याळ बघत निघालो.

मंगळवारी सकाळी सिस्टरचा फोन आला की खाट रिकामी आहे. मी सरळ धक्क्यावर गेलो. भाऊजी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बेटाच्या बोटीपुढे रांगेत बसले होते. मरायचंच तर घरी, तुझ्यापाशी, असं त्यांचं चाललं होतं. मी समोर उभा राहिलो आणि हात वर केले, चांगले खांद्याच्या वर, आणि 'चुकलो' म्हणालो. शंभर माणसं बघत होती. 'चुकलो', 'मी', 'विसरलो', एवढंच येत होतं, तेच पुन्हा पुन्हा केलं. त्यांनी मान हलवली आणि आपली तर्जनी नाकाला लावली. तुझ्या नावाची खूण, म्हणजे तू. तू सांगितलंस तरच.

तेव्हा मी त्यांना कचेरीत आणलं. तुला निरोप पाठवला, 'ताई, पाच वाजता पोस्टात ये, बघायला', आणि पोस्टाचं चित्र पहिल्या रांगेत घातलं. नोंदवहीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'बोलणं.' खाली माझं नाव घातलं. चाळीस मिनिटं बेटावरच्या पंचवीस माणसांना 'थांबा' ऐकू आलं, ते कोण होते मला माहीत नाही.

तुला पडद्यावर आम्ही दोघंच दिसत होतो. माझ्यामागे सगळी खोली उभी होती, तो कारकूनही. तू झडप कशी समजावलीस ते मी बघत होतो. बिजागरी सैल झालेलं दार, दोन्हीकडे फडफडणारं, आत आलेलं माणूस उलटं बाहेर ढकलणारं. तेच दार काढून नवं बसवायचं. भाऊजींनी लगेच विचारलं, लाकूड कुठलं? मला हसू आलं आणि मग ते आवरेना. एका ऑपरेटर मुलीनं विचारलं, 'सर, तुमच्या घरी असं बोलतात?' मी 'हो' म्हणालो. नोकरीच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सही पाच वाजून एकोणचाळीस मिनिटांनी झाली. चौकशीची नोटीस मला काल मिळाली. तिच्या उत्तरात मी रांगांची दुरुस्ती जोडली आहे. रोज एक तास पोस्टातलं चित्र, पहिल्या रांगेत, फोनच्या बरोबरीनं. होईल की नाही सांगता येत नाही.

आणखी एक राहिलं, ते आत्ता नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही. माझ्या लग्नात तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसला होतात आणि जोरजोरात हात करून बोलत होतात. साहेब आले होते. लोक माना वळवून बघत होते. तुम्हाला उठवून मागे, शेवटच्या रांगेत, त्या जाड खांबाच्या आड बसवलं, ते मी सांगितल्यावरून. तुला मी गर्दीचं कारण दिलं होतं. गर्दी नव्हती.

समोर ऑपरेशनच्या खोलीचं दार आहे. बंद आहे. तो शब्द मला आता नीट आठवतो, म्हणून तिकडे बघवत नाही.

धाकटा


सोमवार, २ मार्च

धाकट्या,

दार नीट बसलंय. तुला ठाऊक आहेच, तरी माझ्या हातानं एकदा लिहावंसं वाटलं.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. उत्तर लिहायला तीन दिवस लागले, कारण मलाही काही कबूल करायचंय आणि ते मला तुझ्याइतकंच जड जातंय.

तो कागद तू लिहिलास हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत हुद्दा छापलाय, आणि तोच हुद्दा तुझ्या प्रत्येक पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात असतो. बहिऱ्या माणसाची नजर कोपऱ्यांतच फिरते, तुला कळायला हवं होतं. तू आपणहून सांगशील म्हणून मी वाट बघत बसले. इकडे ह्यांची तारीख जवळ येत होती आणि मी तुला टोमण्यांनी खेळवत होते. सरळ लिहायचं होतं की तू केलंयस, तू निस्तर. तुझी परीक्षा घेण्याच्या नादात मी ह्यांना टांगून ठेवलं. त्याची लाज मला तुझ्या लाजेपेक्षा कमी नाही.

आणि ते पंचवीस. त्यातल्या एक बेकरीवाल्या वहिनी होत्या. मंगळवारी पाच वाजता त्या आपल्या वडिलांशी बोलत होत्या, तिकडे दूर एकटे असतात ते. वाक्याच्या मध्येच 'थांबा' आलं. चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन लागला तेव्हा वडील झोपले होते. विशेष काही झालं नाही, ते बरे आहेत. पण दोन दिवस वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि कुणी बघितलं नाही की माझ्याशी कुणी बोललेलंच नसतं. काल आल्या, वही ओढून घेतली आणि लिहिलं, 'तुमचंही बोलणंच होतं. पण राग आला.' मी खाली लिहिलं, 'येऊ दे.' 

पोस्टात आजपासून तुझा तो एक तास सुरू झाला. जुन्या कागदावरची तुझी चार शब्दांची शिकवण पोस्टातल्या बाईंनी खडूच्या हातानंच पुसायचा प्रयत्न केला. छापील आहे, जात नाही. नुसती पांढरी झालीय. राहू दे तशी.

आता खांबाचं.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस की ते नाव तुला बरं वाटतं. ते वाचून मला रात्रभर काही सुचलं नाही. हे मला म्हणाले होते, सांगू नकोस त्याला कधी. मी सांगणारही नव्हते. पण तू स्वतःच तो खांब पुढ्यात आणून ठेवलास, तर आता लपवणं म्हणजे पुन्हा तुला त्याच्या आड बसवणं.

तुझं नाव लग्नाच्या आधी 'कान' होतं. तिघांत तुझाच चालणारा, म्हणून. 'खांब' पडलं तुझ्या लग्नाच्या दिवशी, शेवटच्या रांगेत. तुला हार घालताना बघायला आम्ही दोघं एकदा डावीकडून वाकायचो, एकदा उजवीकडून. खांब काही हलेना. तेव्हा ह्यांनी हात उभा केला, तुझ्याकडे बोट दाखवलं, आणि आम्ही हसलो. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून हसलो. गर्दी नव्हती हे आम्हाला दिसत होतं रे. आम्हाला दिसतंच.

आज पाच वाजता ह्यांना तुझं पत्र हातांनी वाचून दाखवलं, सगळं, 'ओळखीचे'सुद्धा. ह्यांचे हात पांघरुणावर तसेच. चित्र थिजलं की काय म्हणून मी पडद्याला टिचकी मारली. मग त्यांनी 'खांब' केलं आणि हात हळूहळू खाली आडवा ठेवला. म्हणाले, हे नाव आता बंद. पंजे मिटून, छातीवर, त्या नव्या टाक्यांवर अलगद.

मी विचारलं, मग त्याला काय म्हणायचं? म्हणाले, आत्ता काही नाही. आधी त्याचे हात बघू दे. इतक्या वर्षांनी परवा धक्क्यावर नीट दिसले, पण फार थरथरत होते, त्यावरून नाव ठेवता येत नाही.

तोवर तुला आमच्यात नाव नाही. तुझ्याबद्दल बोलायचं झालं की आम्ही हात थोडा उचलतो आणि तसाच थांबवतो.

बोट मंगळवारी आणि शुक्रवारी असते. ह्यांना सोडलं की बरोबर तूच घेऊन ये. येताना काही आणू नकोस. हात मोकळे ठेव.

ताई